पंधराव्या वर्षी विम्बल्डन, एकविसाव्या वर्षी रामराम : लॉटी डॉडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विम्बल्डनच्या महिला विजेत्यांची यादी वरून खाली वाचत आलं की अगदी सुरुवातीला एक नाव पाच वेळा दिसतं आणि मग एकदम गायब होतं. लॉटी डॉड. तिच्याबद्दल लोक जे प्रश्न हमखास विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं एका ओळीत संपतात, काहींना जरा पाल्हाळ लागतो.

लॉटी डॉड नेमकी कोण?

पूर्ण नाव शार्लट डॉड. जन्म २४ सप्टेंबर १८७१, इंग्लंडच्या चेशर परगण्यातल्या बेबिंग्टन गावचा. हे गाव मर्सी नदीच्या एका तीरावर, तर लिव्हरपूल दुसऱ्या तीरावर. १८८७, १८८८, १८९१, १८९२ आणि १८९३ अशी पाच वर्षं ती विम्बल्डनची एकेरीतली विजेती होती. पहिलं अजिंक्यपद मिळालं तेव्हा तिचं वय होतं १५ वर्षं २८५ दिवस. एवढ्या लहान वयात विम्बल्डनची महिला एकेरी आजवर दुसऱ्या कुणीही जिंकलेली नाही.

पण सर्वांत लहान विजेती मार्टिना हिंगिस ना?

दुहेरीत. १९९६ साली हिंगिसने हेलेना सुकोव्हाच्या साथीने महिला दुहेरी जिंकली, तेव्हा ती लॉटीपेक्षा तीन दिवसांनी लहान होती. एकेरीचा विक्रम लॉटीच्याच नावावर आहे. बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

घरची परिस्थिती कशी होती?

उत्तम होती, आणि तिची कारकीर्द समजून घ्यायची तर हे आधी ध्यानात घ्यायला हवं. वडील जोसेफ डॉड लिव्हरपूलमध्ये कापसाचे दलाल. त्या काळी लिव्हरपूल म्हणजे जगातली कापसाची सर्वांत मोठी पेठ. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा माल अडला, तेव्हा आपल्याकडच्या कापसाच्या गाठीही मुंबई बंदरातून तिथेच जात होत्या. जोसेफरावांनी या धंद्यात इतकं कमावलं की चारही मुलांना पोटासाठी कधी काही करावं लागलं नाही. अ‍ॅनी, विली, टोनी आणि शेंडेफळ लॉटी. सगळीच खेळाडू. घराजवळ दोन टेनिस कोर्टं होती. लॉन टेनिस हा खेळच तेव्हा नवा होता. वॉल्टर विंगफिल्ड या मेजरसाहेबांनी त्याचं पेटंट घेतलं १८७४ साली, म्हणजे लॉटी तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची. खेळ आणि ती अक्षरशः बरोबरीनेच वाढले.

ती टेनिस स्पर्धांत कधी उतरली?

१८८३ साली, अकराव्या वर्षी. मँचेस्टरच्या नॉर्दर्न अजिंक्यपद स्पर्धेत अ‍ॅनीताईबरोबर दुहेरीत उतरली. पहिल्याच फेरीत दोघी बाहेर पडल्या, पण हरलेल्यांसाठी असते ती स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढच्या दोन वर्षांत ही मुलगी इंग्लंडभर चर्चेचा विषय झाली. वर्तमानपत्रांनी तिला ‘लिटल वंडर’ म्हणायला सुरुवात केली.

१८८५ मध्ये त्याच मँचेस्टरच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात तिची गाठ पडली मॉड वॉटसनशी. मॉड म्हणजे विम्बल्डनची पहिली महिला विजेती. १८८४ मध्ये महिलांची एकेरी सुरू झाली, तेव्हा तेरा जणी उतरल्या होत्या आणि अंतिम सामन्यात मॉडने स्वतःच्या थोरल्या बहिणीला, लिलियनला हरवलं होतं. अशा मॉडसमोर तेरा वर्षांची लॉटी ८-६, ७-५ अशी हरली. आकडेच सांगतात की कसा घाम फुटला असेल. वर्षभराने, १८८६ मध्ये, बाथच्या स्पर्धेत लॉटीने तिला हरवलंच. मॉड तोवर सलग पन्नासहून अधिक सामने जिंकत आली होती.

१८८७ चा विम्बल्डनचा अंतिम सामना कसा झाला?

एकतर्फी. त्या वर्षी लॉटी आयरिश आणि नॉर्दर्न अजिंक्यपदं खिशात घालूनच विम्बल्डनला आली होती. तेव्हा ‘चॅलेंज राउंड’ची पद्धत होती. गतविजेती निवांत बसून राहायची, बाकीच्या आपसांत खेळायच्या आणि त्यांतली विजेती शेवटी गतविजेत्या खेळाडूला आव्हान द्यायची. म्हणजे १८८६ ची विजेती ब्लांच बिंग्ली ताजीतवानी, आणि लॉटी आधीचे सामने खेळून आलेली. तरी निकाल लागला ६-२, ६-० असा. दुसरा सेट दहा मिनिटांत आटोपला.

ब्लांच काही लिंबूटिंबू नव्हती, हे सांगायलाच हवं. लग्नानंतर ती ब्लांच हिलयार्ड झाली आणि विम्बल्डनची एकेरी तिने एकूण सहा वेळा जिंकली, शेवटची १९०० साली. पण लॉटीसमोर तिची डाळ कधीच शिजली नाही. पाचही वर्षी शेवटच्या सामन्यात लॉटीच्या समोर हीच बाई उभी होती आणि पाचही वेळा हरली. १८८८ मध्ये ६-३, ६-३. १८९१ मध्ये ६-२, ६-१. १८९२ मध्ये ६-१, ६-१. फक्त १८९३ मध्ये ब्लांचने पहिला सेट ८-६ असा घेतला. पुढचे दोन लॉटीने ६-१, ६-४ असे काढले. विम्बल्डनच्या एकेरीत लॉटीने गमावलेला हा एकुलता एक सेट. मला स्वतःला या कहाणीत ब्लांचबद्दल थोडी जास्त माया वाटते. इतकं हरूनही ती पुन्हा पुन्हा परत येत राहिली.

तिच्या खेळात असं काय होतं?

ती पुढे येऊन खेळायची. त्या वेळच्या बहुतेक बायका मागच्या रेषेजवळ उभ्या राहून चेंडू एकमेकींकडे उंच टोलवत बसायच्या. लॉटी जाळ्याजवळ येऊन व्हॉली मारायची, म्हणजे टप्पा पडायच्या आत चेंडू परतवायची, वर आलेला चेंडू स्मॅश करायची, आणि तिचा फोरहँड पुरुषांसारखा जोरकस आहे असं पाहणारे म्हणत. सर्व्हिस मात्र खालूनच करायची. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, बहुतेक जणी तशीच करत.

दुसरी गोष्ट म्हणजे पळणं. त्या काळात बाईमाणसाने कोर्टावर पळावं का, हाच मुळी वादाचा विषय होता. लॉटीने एका पुस्तकात महिलांच्या टेनिसवर एक प्रकरण लिहिलं आहे. बायकांनी पळायला शिकावं, नुसतं लांब पावलं टाकून भागणार नाही, असं तिचं म्हणणं.

कपड्यांचा तिला फायदा झाला, हे खरं का?

खरं आहे, आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांनीही तेव्हा कुरकुर केली असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. मोठ्या बायका खेळायच्या त्या घोट्यापर्यंतच्या स्कर्टमध्ये, आत कंबर आवळणारं कॉर्सेट, खाली परकरांचे थर, डोक्यावर हॅट. उजवा हात डोक्याच्या वर नेणं हेच कष्टाचं काम. लॉटी शाळकरी वयाची, त्यामुळे तिला पोटरीपर्यंतचा झगा चालून जायचा. खाली काळे मोजे, काळे बूट आणि डोक्यावर क्रिकेटची पांढरी टोपी. तिच्या फोटोंत हाच अवतार दिसतो. जाळ्याजवळ धावून जाणं तिला जमलं त्यात या पोशाखाचा वाटा नक्की होता.

पण सगळं श्रेय कपड्यांना देणारे एक विसरतात. १८९२-९३ मध्ये ती वीस-एकवीस वर्षांची होती, शाळकरी सवलत केव्हाच संपली होती, आणि तरीही विम्बल्डनला तिला कुणी हरवत नव्हतं.

पाचच का? १८८९ आणि १८९० मध्ये काय झालं?

१८८९ मध्ये ती अ‍ॅनी, टोनी आणि काही मित्रमंडळींबरोबर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शिडाच्या बोटीत फिरत होती. विम्बल्डनच्या तारखा आल्या, आणि तिला परत यावंसं वाटलं नाही. ना दुखापत, ना भांडण. फिरणं रंगात आलं होतं, म्हणून गतविजेती आपलं अजिंक्यपद राखायला आलीच नाही. १८९० मध्ये तर स्पर्धांपासून ती पूर्ण लांब राहिली. त्या वर्षी महिला एकेरीत उतरल्या फक्त चौघी, आणि जिंकली आयर्लंडची लीना राइस. १८९१ मध्ये लॉटी परतली आणि जणू मधे काही घडलंच नाही अशा थाटात जिंकली.

म्हणून विजेतेपदांचे आकडे मोजून तिची इतरांशी तुलना करणं मला निरर्थक वाटतं. ज्या वर्षी ती विम्बल्डनला उतरली त्या वर्षी ती जिंकली. ज्या वर्षी उतरली नाही त्या वर्षी दुसऱ्या कुणी जिंकलं. ही चैन तिला परवडली ती अर्थातच कापसाच्या पैशावर.

स्पर्धा जिंकून पैसे मिळायचे का?

नाही. टेनिस तेव्हा हौशी खेळाडूंचं होतं. १८८४ मध्ये महिलांसाठी पहिलं बक्षीस होतं वीस गिनी किमतीची चांदीची फुलांची परडी. दुसरं, दहा गिनींचा चांदीचा हातातला आरसा आणि केसांचा ब्रश. काय बक्षीस ठेवलंय यावरून बायकांच्या खेळाकडे कसं पाहत असत ते कळतं. आज विजेती उंचावते ती चांदीची थाळी १८८६ पासूनची. म्हणजे लॉटीने जिंकली ती हीच थाळी. मैदान मात्र हे नव्हे. तेव्हाचं विम्बल्डन वर्पल रोडवर भरायचं. आजच्या चर्च रोडच्या जागेत ते १९२२ मध्ये आलं.

पुरुषांशीही ती खेळली होती म्हणतात. जिंकली का?

१८८८ च्या ऑगस्टमध्ये एक्समथला तिचा सामना झाला अर्नेस्ट रेनशॉशी. अर्नेस्ट म्हणजे त्याच वर्षीचा विम्बल्डनचा पुरुष विजेता. प्रत्येक गेम तिच्या बाजूने ३०-० असा, म्हणजे तिला दोन गुणांची आघाडी देऊन, सुरू करायचा, ही अट होती. पहिला सेट तिने ६-२ असा घेतला, पुढचे दोन अर्नेस्टने ७-५, ७-५ असे जिंकले. सवलत होती हे कबूल, पण सोळा वर्षांच्या मुलीने विम्बल्डन विजेत्याला तिसऱ्या सेटच्या बाराव्या गेमपर्यंत झुंजवलं, हेही तितकंच खरं.

ऑलिम्पिकमध्ये टेनिसचं सुवर्ण मिळवणारी शार्लट हीच का?

नाही. ती शार्लट कूपर. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिला टेनिस जिंकली ती ही दुसरी शार्लट. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दोघी इंग्लंडच्या आणि दोघींची विम्बल्डन विजेतेपदंही पाच. कूपरची वर्षं १८९५, १८९६, १८९८, १९०१ आणि १९०८. लॉटीही ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवून आली, पण हातात रॅकेट घेऊन नाही. ते पुढे येईलच.

एकविसाव्या वर्षी टेनिस का सोडलं?

कारण एका खेळात पहिला नंबर आला की तिला दुसरा खेळ खुणावायचा. १८९३ च्या विजेतेपदानंतर तिने मोठ्या टेनिस स्पर्धांना रामराम ठोकला. रुसवाफुगवा नाही, निरोपाचा सामना नाही. पुढची पंधरा वर्षं तिने जे केलं ते वाचून चक्कर येते.

आधी बर्फ. १८९५-९६ च्या हिवाळ्यात टोनीबरोबर ती स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला गेली. तिथे स्केटिंगची महिलांसाठीची परीक्षा असायची आणि तिचा मोठा दबदबा होता. ती लॉटी पास झाली. पुढच्या हिवाळ्यात परत जाऊन तिने पुरुषांची परीक्षा दिली, तीही पास. असं करणारी ती दुसरीच स्त्री. मधल्या वेळात क्रेस्टा रनच्या बर्फाळ घसरगुंडीवरून टोबॉगन या घसरगाडीने खाली येणं, ४००० मीटरपेक्षा उंच दोन शिखरं ऐन फेब्रुवारीत चढणं आणि इटलीत सायकलवरून लांबची भटकंती, हेही झालं. १८९७ च्या उन्हाळ्यात नॉर्वेचे डोंगर.

मग हॉकी. १८९७ मध्ये घराजवळच्या स्पिटल गावी महिलांचा क्लब निघाला, त्याच्या संस्थापकांत लॉटी. सेंटर फॉरवर्डला खेळायची, लवकरच कर्णधार झाली. दोन वर्षांत थेट इंग्लंडच्या संघात. २१ मार्च १८९९ रोजी आयर्लंडविरुद्धचा सामना इंग्लंडने ३-१ असा जिंकला. १९०० मध्ये पुन्हा आयर्लंड, या वेळी २-१, आणि दोन्ही गोल लॉटीचे. त्यानंतर सायटिकाने, म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या कळांच्या दुखण्याने, तिला गाठलं. कित्येक महिने खेळ बंद, आणि हे दुखणं पुढे आयुष्यभर अधूनमधून डोकं वर काढत राहिलं.

गोल्फमध्ये ती खरंच राष्ट्रीय विजेती झाली होती?

झाली होती, आणि टेनिसपेक्षा ते तिला जड गेलं. गोल्फ तिने कोवळ्या वयातच हातात घेतला होता, पण हा खेळ एका हंगामात वश होणारा नव्हे. ब्रिटिश महिला हौशी अजिंक्यपदात ती बरीच वर्षं उतरत होती, पुढच्या फेऱ्यांपर्यंत जाऊन अडकत होती.

१९०४ साली स्कॉटलंडमधल्या ट्रूनला तिने अंतिम फेरी गाठली. समोर मे हेझलेट. ही आयरिश मुलगी त्याआधी १८९९ आणि १९०२ मध्ये अजिंक्य ठरलेली, म्हणजे पारडं उघडच तिच्या बाजूला. प्रेक्षक हजारोंच्या संख्येने लोटले होते. सतरा होल झाले तरी दोघी बरोबरीत. अठराव्यावर हेझलेटचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलण्याचा हलका फटका, चुकला. लॉटीने संधी सोडली नाही आणि एका होलने सामना जिंकला. टेनिसचं आणि गोल्फचं अशी दोन्ही ब्रिटिश अजिंक्यपदं मिळवणारी ती पहिली स्त्री. आजवर दुसरी झालेली नाही.

त्याच वर्षी ती अमेरिकेच्या महिला अजिंक्यपदासाठी फिलाडेल्फियाला गेली आणि पहिल्याच फेरीत हरली.

ऑलिम्पिक पदक कशात?

तिरंदाजीत. १९०५ च्या सुमारास भावंडांनी चेशरचं घर सोडून दक्षिणेकडे न्यूबरीला बिऱ्हाड हलवलं. तिथे जवळच वेलफर्ड पार्कचा तिरंदाजांचा क्लब होता. अ‍ॅनीचं तोवर लग्न झालं होतं. उरलेली तिघंही या क्लबात जाऊ लागली.

१९०८ चं ऑलिम्पिक लंडनला भरलं. महिला तिरंदाजीत पंचवीस जणी होत्या आणि झाडून सगळ्या ब्रिटिश. त्यामुळे ‘जागतिक’ हा शब्द जरा जपून वापरावा. शिवाय त्या काळातली सर्वश्रेष्ठ धनुर्धर अ‍ॅलिस ली मुळात उतरलीच नव्हती. स्पर्धेचा प्रकार होता डबल नॅशनल राउंड. ६० यार्डांवरून ९६ बाण आणि ५० यार्डांवरून ४८. पहिला दिवस संपला तेव्हा लॉटी दहा गुणांनी पुढे होती. दुसऱ्या दिवशी क्वीनी न्यूअलने तिला मागे टाकलं. शेवटी न्यूअल ६८८, लॉटी ६४२. क्वीनीबाईंचं वय तेव्हा ५३ होतं. ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या सर्वांत वयस्कर स्त्रीचा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. गंमत बघा, विम्बल्डनला जी सर्वांत लहान होती, तिला इथे ५३ वर्षांच्या बाईंनी हरवलं.

त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या तिरंदाजीत विली डॉडने सुवर्ण मिळवलं. म्हणजे घरात एक सुवर्ण आणि एक रौप्य.

हे सगळं जमलं कसं? तेव्हा स्पर्धा कमी होती म्हणूनच ना?

काही अंशी हो. टेनिस, हॉकी, गोल्फ खेळायला मिळणं हेच मूठभर सुखवस्तू घरांचं भाग्य होतं. लँकेशरच्या गिरणीत दिवसभर उभी राहणारी मुलगी किती चपळ होती हे कळायला कुणी रॅकेट तिच्या हातात दिलंच नाही. विम्बल्डनला जेमतेम पाच-दहा जणी उतरत असत. या गोष्टी झाकून लॉटीचा देव्हारा मांडण्यात अर्थ नाही.

मात्र सुखवस्तू घरांत मुली पुष्कळ होत्या, वेळ आणि कोर्टंही त्यांच्याकडे होती. त्यांच्यातून टेनिसची विजेती, गोल्फची विजेती, हॉकीची आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि ऑलिम्पिक पदकविजेती एकाच वेळी निघाली ती ही एकच. गिनेस बुकने सर्वांत अष्टपैलू स्त्री खेळाडूंमध्ये अमेरिकेची अ‍ॅथलीट आणि गोल्फपटू बेब डिड्रिक्सन हिच्या जोडीला तिचं नाव ठेवलं, ते उगाच नाही.

सुझान लांग्लेनपेक्षा ती श्रेष्ठ होती का?

हा वाद घालण्यात हशील नाही. फ्रान्सची लांग्लेन १९१९ मध्ये विम्बल्डनला आली तोवर खेळ, रॅकेट, पोशाख आणि प्रतिस्पर्धी सगळंच बदललं होतं. टेनिसला आयुष्य वाहिलेली खेळाडू हवी असेल तर लांग्लेन. लॉटीने टेनिसला आयुष्यातली दहाएक वर्षं दिली, तीही सलग नाही.

तिचं पुढचं आयुष्य कसं गेलं?

लग्न केलं नाही. पहिल्या महायुद्धात तिला आघाडीवर जाऊन शुश्रूषा करायची होती, पण सायटिकामुळे ते राहिलं. न्यूबरीजवळच्या लष्करी रुग्णालयात तिने रेडक्रॉसचं काम केलं आणि त्यासाठी तिला रेडक्रॉसचं सेवापदक मिळालं. आवाज खालच्या पट्टीतला, गोड. लंडनच्या नामांकित गायकवृंदात ती गायची. पियानोही वाजवायची. विम्बल्डनचे सामने पाहायला म्हातारपणीही जात असे. विलीबरोबर ती बरीच वर्षं एकत्र राहिली. १९५४ मध्ये तो गेला आणि तिची शेवटची वर्षं वृद्धांच्या शुश्रूषागृहांत गेली. २७ जून १९६० रोजी, विम्बल्डन चालू असतानाच, हॅम्पशरमधल्या स्वे गावी वयाच्या ८८ व्या वर्षी ती वारली. आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेमने तिची दखल घेतली १९८३ मध्ये.

एकेरीतला तिचा वयाचा विक्रम कधी मोडेल?

अवघड दिसतं. आता महिला टेनिसमध्ये वयाचे नियम आहेत. चौदा पूर्ण झाल्याशिवाय व्यावसायिक स्पर्धांत उतरता येत नाही, आणि पुढची काही वर्षं किती स्पर्धा खेळायच्या यावरही बंधन असतं. लॉटीला विम्बल्डनसाठी मोजकेच सामने खेळावे लागले. आज एकशे अठ्ठावीस जणींतून सलग सात जिंकावे लागतात. अलीकडच्या काळात या वयात चमकलेली मुलगी म्हणजे कोको गॉफ. २०१९ मध्ये पंधराव्या वर्षी ती पात्रता फेरीतून आत आली, पहिल्याच सामन्यात तिने व्हीनस विल्यम्सला हरवलं आणि चौथ्या फेरीपर्यंत गेली. तिथे सिमोना हालेपने तिला रोखलं, आणि त्या वर्षीची थाळी हालेपच घेऊन गेली.